तांब्यातलं पाणी

८ फेब्रुवारी १९६७, राखेचा बुधवार

कपाळाला राख आणि तोंडभर हसू — काय करू, आवरतच नाही! फादरांनी राखेचं बोट टेकवलं, म्हणाले, "माणसा, तू माती आहेस," आणि मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी बिचाऱ्यांनी परत एकदा बोट टेकवलं. वाटलं असेल, म्हातारीला ऐकू गेलं नाही.

ऐकू गेलं हो. पण चार दिवसांची नात आहे मला. चार दिवसांची! मातीबितीचं पुढच्या वर्षी बघू.

बरं, आज वाचन कोणतं आलं? उपास करताना तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. घरी आल्याबरोबर तेल लावलं. देवाचं लगेच ऐकलं की नाही?

ही वही फादर सिप्रियननी दिली. वसईकडचे आहेत. तरुण आहेत, पुस्तकासारखं मराठी बोलतात. म्हणाले, सालूबाई, ईस्टरपर्यंत रोज चर्चमध्ये मिस्साला वाचतात त्यातलं एक वचन लिहा आणि त्या दिवशी घरात काय झालं ते लिहा, शेजारी शेजारी. मला दाखवू नका. मी म्हटलं, फादर, सिस्टरांकडे दोन यत्ता शिकले, त्याही लग्नानंतर. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. म्हणाले, देवाला कोंबडीचंही वाचता येतं.

दाखवू नका म्हणाले ते बरं झालं. एक गोष्ट आहे. आज नको. आज हसायचं आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं वचन — नुसता शब्द बोला, माझा चाकर बरा होईल. रोमी फौजेतल्या अधिकाऱ्याचं. येशूच्या लोकांतला नव्हता, पण बोलला कसं बघा! घरी या पण म्हणाला नाही. नुसता शब्द.

मीपण बोलले. लिहूनच टाकते.

शनिवारी दुपारची गोष्ट. वडिवळ्याला, लीलाच्या माहेरी. लीला माझी सून. माझा लुकास देहूरोडला लष्करी डेपोत आहे, ती तिथंच तंबू शिवायला होती. दोघांनी पुण्याला कोर्टात जाऊन लग्न केलं, आम्हाला नंतर सांगितलं. तिच्या वडलांनी, दत्तोबांनी, वर्षभर तोंड बघितलं नाही. लुकास मिस्साला येतो पण मागं भिंतीला उभा राहतो, चर्चमध्ये लग्न झालं नाही म्हणून ख्रिस्तप्रसाद घेत नाही. त्याचे वडील असते तर… ते रेल्वेत होते, घाटात गाड्या ढकलणाऱ्या इंजिनावर. त्यांचा आवाज इंजिनासारखाच होता. असो.

सातव्या महिन्यात ओटी भरली तेव्हा लीलानं आम्हा दोघींचे, माझा आणि तिच्या आईचा, कस्तुराबाईंचा, एकेक हात धरून आपल्या पोटावर ठेवला. म्हणाली, "लेकराचा देव कोणता त्ये लेकरूच ठरवंल, मोठं झाल्यावर. तवर दोघींनी काय बी करायचं न्हाई. ना तुमचं ते पाणी, ना आईचा अंगारा. व्हय म्हणा." आम्ही व्हय म्हणालो. आतून लेकरानं लाथ मारली. तिघी हसलो.

आणि शनिवारी पोर झाली ती रडेना. निळी पडली, पिकल्या जांभळासारखी. झुंबरबाई सुईण पाय धरून उलटी करून थापट्या मारतेय, कस्तुराबाई "अगं बया बया" करत अंगणात पळाल्या. लीला पडल्या पडल्या काहीतरी बडबडत होती, कोण ऐकतंय! चुलीशी तांब्या होता. उचलला. टाळूवर तीनदा बारीक धार धरली आणि म्हटलं, आना, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. जीव जात असेल तर कोणीही देऊ शकतं, सिस्टरांनी शिकवलं होतं. आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. तोंडात तेच आलं.

आणि रडली! असं रडली की बाहेरची गाय उठून उभी राहिली.

कोणाला कळलं नाही. झुंबरबाईला वाटलं मी पोर धुतेय. मी ओसरीवर जाऊन जपमाळ ओढत बसले. संध्याकाळी बाळ मांडीवर दिलं तर टाळूवरचे केस उभेच्या उभे! कडक! मिशनच्या शाळेतल्या मुलाच्या कॉलरसारखे. मी हसून हसून मेले.

वचन मोडलं. पण आनंद एवढा आहे की मोडलेलं टोचतच नाही.

असं लिहिलं आणि टोचलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

सैतान येशूला म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. मला कळेना, भुकेल्यानं भाकर केली तर वाईट काय? चांगलंच तर काम सांगत होता. तसंच बसून विचार करत राहिले. भात करपला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

बारशाला जाऊन आले. पाय सुजलेत पण आधी लिहिते.

लुकासला बहीण नाही, म्हणून नाव सांगायला मलाच पुढे केलं. कुंदा ठेवलं. चांगलं आहे नाव, त्यांच्या गावच्या नदीच्या नावातलं. कानात कुर्र केलं, कुंदा म्हटलं, आणि ओठ न हलवता आतल्या आत आना. पाठीत धपाटे बसले ते बायकांनी मारले की देवाने, कोण जाणे!

केस आता मऊ झालेत. रोज झुंबरबाई न्हाऊमाखू घालते. मामा हौशीराम म्हणतो, "आत्याबाई, आधी माझ्यावानी उभे केस व्हते, तुमी आल्या अन् बसले." त्याच्या डोक्यावर खरंच खराटा आहे. घुगऱ्या फार छान झाल्या होत्या, खोबरं घालून.

लुकासला बहीण नाही असं लिहिलं. होती. त्याच्या आधीची. माहेरी, नगरकडे झाली, दोन घटका होती. फादर दुसऱ्या गावाला गेलेले आणि आम्हा बायकांना कोणाला माहीत नव्हतं की आम्हीपण पाणी घालू शकतो. बाप्तिस्मा नाही म्हणून कबरस्तानात, आतल्या जागेत पुरता आली नाही. कुंपणाबाहेर, उंबराखाली. मी तेव्हा सतरा वर्षांची. सिस्टरांकडे शिकायला गेले ती त्यानंतर. लोकांना वाटलं वाचायला शिकायचंय.

आजचं वाचन त्या कनानी बाईचं. लेकीसाठी मागे मागे ओरडत आली. शिष्य म्हणाले, हिला घालवा. ती गेली नाही. बाई, जात नसतो आपण!

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

अडतीस वर्षं एक माणूस तळ्याकाठी पडलेला. म्हणतो, मला पाण्यात सोडायला कोणी नाही. माझ्या कुंदाला मी होते! दिवसभर हेच. भांडी घासताना, निवडणुकीची गाडी भोंगा लावून ओरडत गेली तरी हेच.

२५ फेब्रुवारी, शनिवार

इस्त्री तशीच टाकून बसलेय. ओळी वाकड्या येतील.

शनिवारी मी चर्चचे कपडे धुते. हे गेल्यापासून एकवीस वर्षं. वेदीचं कापड, फादरांचे पांढरे झगे. नीळ द्यायची, मग भाताच्या पेजेची खळ. पेज गाळून तांब्यात ठेवली की गाळ खाली बसतो आणि वर निवळ येतं. अगदी पाणी दिसतं. नवीन माणूस पिऊन टाकेल. आज वेदीचं कापड वाळलं, काढायला गेले, तर एक कोपरा दोरीवर उभा राहिला होता. ताठ.

मी तो कोपरा बोटात धरला. आणि बाळाचे केस आठवले.

शनिवार होता. दुपार होती. लीलाला सकाळपासून पेज पाजत होते. चुलीशी तांब्या होता. मी आत बघितलं नाही. पाणीच असणार म्हणून उचलला.

पेज होती का?

एकवीस वर्षं खळ घालतेय मी. दुसऱ्या कोणाला ते केस बघून हसू आलं असतं. मलासुद्धा हसूच आलं!

इस्त्रीतले कोळसे विझून गेले. उद्या वेदीवर सुरकुतलेलं कापड जाईल.

२६ फेब्रुवारी, रविवार

सुरकुती फादरांना दिसली नाही. मला दुसरं काही दिसलं नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

नामानाला कोड होतं. संदेष्टा म्हणाला, यार्देन नदीत सात बुड्या मार. तो चिडला. आमच्याकडे काय नद्या नाहीत?

अरे, तुझी नदी तरी नक्की नदी होती!

सकाळपासून तीनदा दार लावून तीनदा उघडलं. कुठं जायचंय तेच ठरत नाही. शेजारची सरुबाई म्हणाली, "सालूबाई, तुमच्या पायाला चाकं लावली का कोणी?"

३ मार्च, शुक्रवार

मिस्सा झाल्यावर फादरांना गाठलं. ते सायकलला हवा भरत होते.

"फादर, बाप्तिस्मा पेजेनं होतो का?"

हवा भरायची थांबली. "कशानं?"

"भाताच्या. वरच्या निवळानं. पाण्यासारखंच असतं."

"पाणी म्हणजे पाणी, सालूबाई. दूध नाही, चहा नाही, पेजही नाही. कोणाचा?"

"असंच. डोक्यात आलं."

फादर हसले नाहीत, ते बरं नाही झालं. म्हणाले, "जीव धोक्यात होता आणि आता नाही, असं असेल तर आता कोणीही परस्पर काही करायचं नाही. आई-बापांना विचारायचं. ते हो म्हणाले तर मी येतो. शंका असेल तर मी म्हणेन, तुझा झाला नसेल तर मी तुला देतो. तशी सोय आहे." मग पंप उचलला. "पण विचारायचं."

देवाकडे सोय आहे! सुनेकडे काय सोय आहे?

आजचं वाचन शोमरोनी बाईचं. विहिरीवर येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. दहादा वाचलं. मागितलं त्यानं. देव असून मागितलं.

८ मार्च, बुधवार

राहवेना. डिंकाचे लाडू घेतले आणि कामशेतपर्यंत गाडीनं, पुढं हौशीरामच्या बैलगाडीतून वडिवळ्याला. गाडीत पायाखाली कोणाचं तरी कोंबडं होतं, ते सारखं माझ्या लाडवांकडे बघत होतं.

कुंदा हसते आता! झोपेत हसते म्हणून काय झालं, माझ्याकडे तोंड होतं तेव्हाच हसली.

कस्तुराबाई भात पाखडत होत्या. मी सहज बोलल्यासारखं केलं. "इहीणबाई, पोर झाली त्या दिवशी केस कसे कडक झाले होते नाही? कशानं हो?"

सूप थांबलं. बाई एकदम लाल. "माला काय म्हाईत! कशानं बी व्हत्यात." आणि सूप तिथंच टाकून, "गाय सुटली जणू," म्हणत गोठ्यात गेल्या. गाय बांधलेली दिसत होती इथून.

त्यांना माहीत आहे. मी धार धरताना त्यांनी अंगणातून बघितलं. उद्या लीलाला सांगतील.

आंधळ्याच्या डोळ्यांवर चिखल लावला आणि म्हणाला, जा, शिलोह तळ्यात धू. तो धुवून डोळस होऊन आला. मी गेले तशीच आले, वर जास्त चिखल घेऊन.

९ मार्च, गुरुवार

नाईन गावच्या विधवेचा मुलगा. मेलेला उठवला आणि आईच्या हातात दिला. बाप्तिस्मा झाला होता का, असं कोणी विचारलं नाही.

हे मी फादरांना दाखवणार नाहीच.

१६ मार्च, गुरुवार

सव्वा महिना झाला. लीला आली! कस्तुराबाई पोचवायला आल्या, बाळंतविडा, पाळण्याची दोरी, तांदळाचं पोतं, काय काय घेऊन. दारात भाकरतुकडा ओवाळला. ते आमच्यात नाही पण सरुबाईनं ओवाळला आणि मी ओवाळू दिला.

कस्तुराबाई निघताना माझ्याकडे बघत होत्या. मीपण. दोघींनाही काही बोलायचं होतं. दोघींनीही "सांभाळा" म्हटलं.

लीला मोठ्या विश्वासानं वागते. अंघोळीला जाताना पोर माझ्या मांडीवर टाकते आणि मागं वळूनसुद्धा बघत नाही. यापेक्षा भांडली असती तर बरं.

१८ मार्च, शनिवार

लीला परसात कपडे वाळत घालत होती. कुंदा माझ्या मांडीवर, मोरीच्या कडेला. तिची अंघोळ झालेली. शेजारी तांब्या. या वेळी मी आत बघितलं. नळाचं पाणी, तळ दिसत होता, तळावरचा पोचासुद्धा दिसत होता.

एक धार. किती वेळ लागतो? तीन श्वास. तुझा झाला नसेल तर, एवढं आधी म्हणायचं. कोणाला कळलं असतं? उंबराखालची ती डोळ्यापुढे आली. हात उचलला.

कुंदानं माझं बोट धरलं. मूठ घट्ट. मला तो दुसरा हात आठवला, लीलाच्या पोटावरचा. त्या दिवशी जीव जात होता, तेव्हा मी चोर नव्हते. आज जीव जात नाही. पोर गुटगुटीत आहे. आज मी चोर झाले असते.

पाणी मोरीत ओतलं. लीला आत येऊन म्हणाली, "आत्याबाई, रडताय व्हय?" मी म्हटलं, साबण गेला डोळ्यात. साबण कुठं होता!

ते सैतानाचं भाकरीचं आता थोडं कळलं.

२३ मार्च, पवित्र गुरुवार

फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. पेत्र म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. येशूनंसुद्धा त्याला आधी सांगितलं, समजावलं, मग धुतले.

घरी आले. लीला दुपट्यांच्या घड्या घालत होती. चप्पल काढायच्या आधी म्हटलं, नाहीतर राहून गेलं असतं.

"लीला, मी तुझ्या पोटावर हात ठेवला होता."

"व्हय."

"ते मी मोडलं. ती रडत नव्हती तेव्हा. पाणी घातलं, नाव घेतलं."

घडी अर्धी राहिली.

"आणि तेपण नीट नाही केलं गं. पाणी होतं की पेज होती मला माहीत नाही. परवा परत करणार होते, तुझ्या पाठीमागं. नाही केलं. आता तुला विचारते. तू नाही म्हणालीस तर नाही."

तिनं ती अर्धी घडी पुरी केली. मग म्हणाली, "कोणता तांब्या?"

"चुलीजवळचा."

"आई कुटं व्हती तवा?"

"अंगणात पळाल्या होत्या, रडत."

पोर उचललं आणि आत गेली. कडी लावली. माझ्या घरात तिनं पहिल्यांदा कडी लावली.

२४ मार्च, गुड फ्रायडे

लीला गेली. बाळ घेऊन. सकाळच्या गाडीनं.

लुकास क्रूसाला ओठ टेकवायला आला नाही. दारात म्हणाला, "आई, एवढं एकच मागितलं होतं तिनं."

२५ मार्च, शनिवार

दुपारी लिहितेय. चर्चमागं फादर लाकडं रचतायत, रात्रीच्या नव्या विस्तवासाठी. गल्लीत पोरं होळी रचतायत, तीपण आजच. एक आलं, "आजी, गोवऱ्या द्या." दिल्या. फादरांकडूनही निरोप, सालूबाई, सुकी लाकडं आहेत का? दिली. दोन्हीकडे माझंच जळण.

नवीन पाणी आशीर्वादित करायला केवढं घंगाळ भरून ठेवलंय! मी पुसून ठेवलं, आत वाकून बघितलं, परत बघितलं. एवढं पाणी. आणि मला एक तांब्या नीट बघता आला नाही.

वेदीचं कापड कडक झालंय. एक सुरकुती नाही. पाळण्याची दोरी तशीच लोंबतेय, जाता येता तोंडाला लागते. काढवत नाही.

२६ मार्च, ईस्टर

आल्लेलुया. लिहायचं म्हणून आधी लिहिलं. आता पुढचं ऐक, वही.

मिस्साहून आले तर दारात कस्तुराबाई! एकट्या. कपाळाला होळीची राख. हातात पुरणपोळ्यांचं फडकं. मला वाटलं भांडायला आल्या, पण भांडायला कोणी पुरणपोळी आणत नाही.

"इहीणबाई, आधी बसू द्या. लय चढ हाय तुमचा."

"लीला?"

"घरीच. मला बी बोलंना, दोन दिस झालं." पाणी प्याल्या. तांब्यात बघून प्याल्या, तेव्हाच मला कळलं यांना सगळं कळलंय. "ती पेज न्हवती. म्याच भरला व्हता त्यो तांब्या सकाळी, नदीचं पाणी. पेज लीलाच्या उशाशी व्हती, थाळीखाली झाकून."

मी खालीच बसले. पाणी होतं! पाणी!

"मग केस, कस्तुराबाई?"

बाई पदराशी खेळायला लागल्या. नवऱ्या मुलीसारख्या. "गूळ."

"काय?"

"गूळपाणी. मी अंगणात पळाले न्हवं, तुमास्नी वाटलं रडाया पळाले. बहिरोबाच्या दगडावर डोस्कं टेकलं. म्हणलं, द्येवा, रडव हिला, जल्मभर तुझी. अन् आतून रडली की वं! मंग गूळ कालवला, थोडा द्येवाला, थोडा हिच्या टाळूला चोळला. तुमी ओसरीवर माळ वडत व्हता. त्या दिशी तुमी केसाचं इचारलं, माझं काळीज उडालं! म्हणलं इहीणबाईंनी वळखलं."

"आणि मला वाटलं तुम्ही ओळखलंत!"

"अन् पोटावर हात ठिवून व्हय म्हणलं, त्याचं काय वं?"

"तुमचं तुम्ही सांगा!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग कोणाला आधी हसू आलं माहीत नाही. सरुबाई धावत आली, तिला वाटलं रडतोय. थोडं रडतही होतो.

मग लगेच भांडण! आधी कोणाचं पोचलं? मी म्हटलं, धार धरली आणि रडली. त्या म्हणाल्या, डोस्कं टेकलं अन् रडली. आणि झुंबरबाई गावभर सांगतेय, माझ्या थापटीनं रडली.

पोळ्या खाल्ल्या. गाडीची वेळ झाली. निघताना कस्तुराबाई उंबऱ्यात थांबल्या. "लीलानं मला इचारलं, आई, तू तरी वचन पाळलंस का? खोटं बोलवंना. ह्ये सांगितलं. तवापासनं ती गप. पोरीला घिऊन नुसती बसलीया."

म्हणजे आमची नात वाचली, आणि तिची आई आम्ही दोघींनी मिळून घालवली. आल्लेलुया पुन्हा म्हणून बघितला. निघाला नाही.

२७ मार्च, सोमवार

लीला आली. दोरीला हात लावून बघितला, पोर पाळण्यात टाकलं आणि म्हणाली, "आत्याबाई, चहा टाका."

कप रिकामा झाला तेव्हा बोलली. "तुमचा राग न्हाई आला मला. आईचा बी न्हाई. तुमी सरळ सांगून मोकळ्या झाल्या, अन् मी दीड महिना गप, तोंड दावंना म्हणून गेले. ती रडंना तवा मीच वरडत व्हते. काय बी करा, कुणाचं बी करा, पर हिला रडवा. वचन तुमच्या आधी म्याच मोडलं. दोघींनी बी ऐकलं न्हाई?"

"नाही गं. आम्हाला वाटलं, बडबडतेयस." मग विचारलं, "पण तू म्हणालीस कोणाला? मला की आईला?"

तिनं पाळण्याला झोका दिला. "जो ऐकंल त्याला."